मोजलेलं घर

कुणाच्याही घरी गेले की मी आधी दार हलवून बघते. मुद्दाम नाही, हात आपोआप जातो. भिंतीला टेकायच्या आधी तिच्यावर बोटानं टकटक करते, खुर्चीवर बसायच्या आधी तिचा पाय डुगडुगतो का ते बघते. माझी भाची म्हणते, "मावशी, तू सोयरिकीला येत जाऊ नको. पाहुण्यांना वाटतं तू घर विकत घ्यायला आलीस." आता रिटायर झाल्यावर ही खोड जाणार कशी? उभी नोकरी मी परभणीतल्या एका कॉलेजात नाट्यशास्त्राच्या पोरांना नेपथ्य शिकवण्यात घालवली. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात, आणि आपण कुठं सापडतो का एवढंच बघायला वाचतात.

नेपथ्य म्हणजे काय, हे नाटक न बघणाऱ्यांसाठी सांगून टाकते. रंगमंचावर जे दिसतं पण बोलत नाही ते सगळं नेपथ्य. घर, दार, खिडकी, विहीर, झाड. लाकडाची चौकट करायची, तिच्यावर कापड नाही तर प्लाय ठोकायचा, वर रंग द्यायचा. पुढून बघितलं तर दगडी भिंत, मागून बघितलं तर नुसत्या पट्ट्या आणि खिळे. म्हणजे आमचा धंदाच खोट्याचा, आणि खोट्याचा धंदा करणाऱ्याला विश्वास ठेवून चालत नाही. तुमच्या घरातलं दार अडकलं तर तुम्ही खांदा देऊन उघडता. नाटकातलं दार अडकलं तर खुनी बाहेर राहतो, मरणारा आत ताटकळतो आणि प्रेक्षक हसतात. म्हणून पोरांना पहिल्या दिवशी मी एकच सांगायची. दार बंद दिसलं म्हणून ते बंद आहे असं समजू नका, जाऊन ढकला.

संशय मात्र आमचाच धंदा होता असं नाही. आमच्यावरही सगळ्यांचा होता. ॲडमिशनला आलेले आईबाप विचारायचे, "म्हणजे मंडप डेकोरेशनच ना, मॅडम?" मी म्हणायची, त्याच्या शेजारचंच. सेलूचे एक कापसाचे व्यापारी पोराला घेऊन आले. सगळा विभाग फिरून बघितला, पडद्यामागं डोकावले, आणि हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "तमाशातल्या बाया तर नसतात ना हितं?" मी म्हटलं, बाई म्हणाल तर मीच आहे. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि पोराची ॲडमिशन करून टाकली.

ऑफिसचं तर विचारूच नका. एकदा नाटकासाठी आम्ही एक दार करून घेतलं, चौकटीसकट. वर्षाअखेरीला ऑडिटचा आक्षेप आला की दरवाजा खरेदी केल्याचे दिसते, परंतु सदर दरवाजा कोणत्याही खोलीस बसविल्याचे आढळून येत नाही. मी त्या साहेबांना सभागृहात घेऊन गेले. रंगमंचाच्या मधोमध दार उभं होतं, आजूबाजूला काही नाही. साहेबांनी ते उघडलं, पलीकडं गेले, परत आले. मग मला विचारतात, "यातून माणूस जातो कुठं?" मी म्हटलं, आत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून कळलेलं नाही.

पोरंही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. दरवर्षी परीक्षेला प्रतिकृती करायची असते, म्हणजे तुमच्या नाटकाचा सेट पुठ्ठ्यात लहान करून दाखवायचा. काही जण ती विकत आणायचे. विकत आणलेली ओळखायला माझी एक सोपी युक्ती होती. मी विचारायची, हे करताना बोट कुठं कापलं? पुठ्ठा कापणाऱ्याचं बोट कापतंच, आजवर कुणाचं सुटलेलं नाही. वर सांगितलेल्या व्यापाऱ्यांच्याच चिरंजीवांनी दोन्ही हात पुढं केले, दाही बोटं गुळगुळीत. म्हटलं, ज्याचं बोट कापलं तो कुठं असतो? खाली बघत म्हणाला, "पुण्याला." त्याला मी पुठ्ठा आणि कटर देऊन समोर बसवलं. पुढं तो चांगलं काम करायला लागला, हेही सांगितलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हती म्हणून नाही, ती माझी की दुसऱ्याची हेच ठरत नव्हतं म्हणून.

झालं असं की पोरं सेट करताना घर म्हणून काहीही करायला लागली. जन्म गेला पत्र्याच्या खोलीत, आणि नाटकातल्या शेतकऱ्याच्या घराला गोल जिना. टीव्हीवरच्या मालिकांतली घरं यांच्या डोक्यात बसलेली. मी वैतागले आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना एक काम लावायला लागले. आपापल्या घरी जायचं, टेप घेऊन स्वतःचं घर मोजायचं, वरून बघितल्यासारखा त्याचा आराखडा काढायचा आणि मग त्याची प्रतिकृती करायची. प्रतिकृतीत एक भिंत काढून टाकायची, कारण नाटकातल्या घराला तीनच भिंती असतात. चौथीच्या जागी प्रेक्षक बसतात. कुठली भिंत काढायची हे ज्याला कळलं त्याला निम्मं नेपथ्य कळलं.

कागदावर काम छान होतं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. खेड्यात टेप घेऊन उभा राहिलेला माणूस कधी कुणाच्या भल्यासाठी आलेला नसतो. टेप येतो तो जमीन रस्त्यात जाणार म्हणून, नाही तर अतिक्रमण काढायचं म्हणून, नाही तर भावाभावांचे हिस्से पडणार म्हणून. त्यातून एका वर्षी नवा मोठा रस्ता जिल्ह्यातून जाणार अशी बोलवा होती. ताडकळसच्या एका पोरानं बाजाराच्या दिवशी घराचा ओटा मोजायला काढला. भाजी टाकून माणसं गोळा झाली. "रस्ता आपल्या गल्लीतून जायलाय का रं?" पोरगं सांगतंय नाटकासाठी मोजायलोय, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. नाटकासाठी कुणी घर मोजतं का? ऐकून आम्ही वर्गात पोट धरून हसलो.

त्याच वर्गात अश्विनी होती. नाव बदललं आहे. बोरीच्या पुढचं एक गाव, रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. बोलायची कमी, पण नजर अशी की बस्स. वर्गात बाकीचे भिंतीचा रंग ठरवत असायचे तेव्हा ही विचारायची, "मॅडम, या भिंतीवर ऊन कवा येतं?" इतक्या वर्षांत असं विचारणारी पोरं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. घरी दोन भाऊ एकत्र. थोरले ज्ञानोबा, ते तिचे चुलते. त्यांना सगळं घर नाना म्हणायचं. धाकटे मुंजाजी, तिचे वडील. घरात चालायचं ते नानांचं. अश्विनीच्या शिक्षणालाही होकार मुंजाजींनी दिलेला नव्हता, नानांनी दिला होता. शिकून मास्तरीण होईल असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारी फोन आला. "मॅडम, मी आता येणार न्हाई."

पोरींचा असा फोन आला की कारण एकच असतं. मी सरळ विचारलं, "स्थळ आलंय का?"

"न्हाई मॅडम."

"खरं सांग. मी कुणाला बोलणार नाही."

"खरंच न्हाई मॅडम. टेपामुळं."

मग सगळं कळलं. रविवारी तिनं घर मोजायला काढलं. टेपचं एक टोक तिनं धरलं, दुसरं आईनं. ओसरी झाली, मधली खोली झाली, त्यांची स्वतःची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. नानांच्या खोलीपाशी आल्यावर चुलती दारात उभी राहिली. म्हणाली, "नानाला इचारून मग ये." तेवढ्यात नाना शेतातून आले. पोरीच्या हातात टेप बघितला. तिला एक शब्द बोलले नाहीत. सरळ भावापुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मुंजाजी, हिस्सा पाहिजे तर तोंडानं माग. पोरीला पुढं कशाला करायलास?"

मुंजाजींना काही उमजेना. पोरगी रडत सांगायली, मॅडमनं सांगितलं म्हणून. नाना म्हणाले, "मॅडमला आपल्या घराचं काय करायचं हाय? ही शिकवण कोणाची हाय ते मला कळतं. आजपासून कॉलेज बंद." आणि त्या दिवसापासून दोघं भाऊ एका ओसरीवर बसून एकमेकांशी बोलत नव्हते.

मला पोरीचं जितकं वाईट वाटलं त्याहून जास्त रागच आला. पुठ्ठ्याच्या खोक्यापायी पोरीचं शिक्षण जातं म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी रजा टाकली, मागच्या वर्षीच्या एका पोराची प्रतिकृती पिशवीत घेतली आणि बोरीची एसटी धरली. पुढं ऑटोनं गेले.

ओसरीवर नाना बसले होते, पांढरं धोतर, टोपी, सरळ पाठीचा माणूस. मुंजाजी खाली पायरीवर. अश्विनी दारामागं. मी नाव सांगितलं. नाना म्हणाले, "आडनाव?"

सांगितलं. आमचं आडनाव ऐकलं की आमच्याकडच्या माणसाला पुढचं सगळं कळतं. कोणता समाज, गावात घर कुठल्या बाजूला, जयंतीला घरावर झेंडा कोणता. नानांनी मान हलवली. चहा आला. त्यांच्या आणि मुंजाजींच्या हातात कपबशी होती, माझा चहा कागदी कपात आला. पाहुण्यांसाठी म्हणून आणलेले कप असतील. नसतीलही. असल्या गोष्टी बघायच्या नाहीत असं मी कितीदा ठरवलं, पण बघण्याचाच पगार घेतलेला माणूस डोळे कसे मिटणार? मी चहा प्याले, कप बाजूला ठेवला आणि पिशवीतून प्रतिकृती काढली.

"हे बघा नाना. पोरं असं घर करतात. तुमचं घर मोजायचं ते एवढ्यासाठी."

नानांनी ते पुठ्ठ्याचं घर सगळीकडून फिरवून बघितलं. खालून बघितलं. मग एका बाजूला बोट ठेवून म्हणाले, "हिकडची भिंत कुठं गेली?"

"काढली. लोकांना आतलं दिसावं म्हणून."

"लोकाला आमच्या घरातलं कशाला दिसावं?"

खरं सांगते, सगळ्या नोकरीत माझ्या विषयाबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाव कुणाचं लावत नाही. नुसतं घर दाखवतो."

"आन् काढली ती भिंत कोणाच्या खोलीची?"

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस घाबरलाय असं मला वाटलं. रागावलेला माणूस पोरीला रागावतो, मास्तरणीला हाकलून देतो. हे मात्र एकेका भिंतीचा हिशोब विचारत होते. कुठंतरी पाणी मुरत होतं, पण कुठं ते दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "नाना, असं करू. मी इथंच बसते, पोरगी तुमच्यासमोर मोजेल. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा."

"माझ्या खोलीत टेप जाणार न्हाई."

"नको. मग जेवढं झालंय तेवढं तरी बघा. अश्विनी, तुझा आराखडा आण."

ती आतून मोठा कागद घेऊन आली. ओसरीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर तांब्या, पाट, हाताला लागेल ते ठेवलं. पोरीचं काम बघून माझा ऊर भरून आला. रेघा स्वच्छ, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते कमानीनं दाखवलेलं, चुलीची जागासुद्धा सोडली नव्हती. नानांची खोली मात्र तिला मोजायला मिळाली नव्हती. मग तिनं काय केलं होतं, घराची बाहेरून सगळी लांबी मोजली, त्यातून बाकीच्या खोल्या आणि भिंतींची जाडी वजा केली, आणि उरलं ते नानांच्या खोलीत लिहिलं. अकरा फूट. मी तिला हे शिकवलेलं नव्हतं.

नाना वाकून बघत होते. चष्मा लावला. बोट फिरवत फिरवत आपल्या खोलीवर आणलं, आणि म्हणाले, "हे चुकलं. अकरा न्हाई, साडेदहा. तिकडली भिंत जुनी हाय, मातीची, जाड. तू इटाची धरलीस."

पोरीनं पेन्सिल उचलली, अकरा खोडलं, साडेदहा लिहिलं. तिला वाटलं नानांनी मदत केली. तिचा चेहरा उजळला होता.

माझा हात मात्र कागदावर तसाच राहिला. इतकी वर्षं पोरांना घर मोजायला लावल्यावर एक गोष्ट मला पक्की ठाऊक झाली होती. आपलं घर किती फुटांचं हे घरात राहणाऱ्या माणसाला माहीत नसतं. विचारलं तर दहा बाय दहा म्हणतात, आणि टेप लावला की आठ बाय नऊ निघतं. खोली ज्यानं स्वतः बांधली तोही गोल आकडा सांगतो. आणि ही खोली तर यांच्या आज्याची, टेप नसलेल्या काळातली. साडेदहा हा आकडा टेप लावल्याशिवाय कुणाच्या तोंडात येत नाही.

बोलायचं माझं काम नव्हतं. पण मी नानांच्या तोंडाकडं बघितलं, आणि मी बघितलेलं मुंजाजींनी बघितलं. पायरीवरून ते उठले.

"नाना," ते म्हणाले, "तुमी कवा मोजली?"

नाना कागदाकडंच बघत राहिले.

"माझी खोली किती हाय नाना?"

नानांनी चष्मा काढला. मग नाना हळूच म्हणाले, "नऊ. एक बोट कमी."

अश्विनीच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, पण त्या माणसाला चोर म्हणवत नाही मला. चुलती दारातूनच बोलली, आता झाकून काय उपेग. त्यांचा पोरगा पुण्याकडं कंपनीत होता. गावात आपल्या नावाचं वेगळं घर बांधायचं, हिस्सा काढून घ्या म्हणून तो वर्षभर मागं लागला होता. धाकट्या भावाला सांगायची नानांची हिंमत होत नव्हती. सेलूला सोयऱ्यात लग्न होतं, सगळं घर तिकडं गेलं होतं, तेव्हा पोट दुखतंय म्हणून नाना मागं राहिले आणि एका मोजणाऱ्याला बोलावून सगळं घर मोजून घेतलं. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. आणि मग एका रविवारी घरी येतात तो भावाच्या पोरीच्या हातात टेप. त्यांना वाटलं, आपल्याला जमलं नाही ते यानं आपल्याआधी सुरू केलं.

मुंजाजी फक्त एवढं म्हणाले, "मागितला असता तर दिला असता की, नाना."

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. मला तिथं बसवेना. घरोघरी मातीच्या चुली असतात हे मलाही माहीत आहे, पण परक्या माणसानं दुसऱ्याच्या चुलीपाशी किती वेळ बसावं? मी प्रतिकृती पिशवीत घातली. पण ज्याच्यासाठी आले ते विचारल्याशिवाय उठणं जमेना. म्हटलं, "पोरीच्या कॉलेजचं काय करायचं?"

नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "ज्याची पोरगी त्यानं बघावं. आता मी कोण सांगणार?"

मुंजाजी म्हणाले, "सोमवारी येती ती."

म्हणजे मी ज्याच्यासाठी गेले होते ते काम झालं. अश्विनीला कॉलेज मिळालं, कारण तिच्यावर हुकूम चालवणारं घर त्या ओसरीवर मोडलं. मी तिच्याकडं बघितलं. ती कागदाची गुंडाळी करत होती, आणि तिला ती नीट करता येत नव्हती.

सोमवारी ती आली, पण मला भेटली नाही, मागच्या बाकावर बसून निघून गेली. चारआठ दिवसांनी कार्यशाळेत पुठ्ठा कापता कापता आपण होऊन सांगायला लागली. हिस्से करायला पंच बसले. नानांनी आणलेल्या मोजणीवर मुंजाजींचा विश्वास नव्हता. मुंजाजी दुसरा माणूस आणतो म्हणाले, तर त्याच्यावर नानांचा नव्हता. तालुक्याहून सरकारी मोजणी मागवावी तर ती कधी येणार ते देवालाच माहीत. शेवटी नानाच म्हणाले, "पोरीचा कागद आणा. ते नाटकाचं हाय, त्यात कोणाची बाजू न्हाई."

तिचा आराखडा पंचांपुढं पसरला. पंचांना तो वाचता येईना, म्हणून तिलाच बसवलं. कुठली खोली किती, दार कुठं, पाण्याची वाट कुठं, सगळं तिनं समजावलं. मधल्या खोलीचे दोन भाग करायचे ठरले. नवी भिंत कुठून न्यायची यावर पुन्हा बाचाबाची झाली. तेव्हा नाना म्हणाले, मुंजाजीही म्हणाले, "तूच मार बाई रेघ. तू मारशील ती आमाला मान्य." दोघांच्या सगळ्या भांडणात एकमत झालं ते तेवढ्यावर.

"मग?" मी विचारलं.

"मारली मॅडम. दोन्हीकडं सारखं यावं म्हणून तीनदा मोजलं." तिनं पुठ्ठ्यावर फूटपट्टी ठेवली. "आई रडायली होती. चुलती बी. दोघी एका जागीच बसल्या होत्या."

मी शिक्षक आहे. अशा वेळी काहीतरी चांगलं बोलायचं असतं. मी तिला डिंकाची बाटली पुढं केली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षापासून ते काम मी बंद केलं. घराऐवजी पोरांना बसस्टँड मोजायला लावलं. तिथंही आगारातल्या साहेबांनी हटकलंच, स्टँड हलवायचा बेत आहे का म्हणून. पण स्टँडला चुलते नसतात, एवढं बरं.

राहता राहिली अश्विनीची परीक्षा. बाहेरून परीक्षक आले होते, नाव असलेले नेपथ्यकार, माणूस चांगला. टेबलावर ओळीनं प्रतिकृती मांडलेल्या, एकेकापाशी थांबून प्रश्न विचारत होते. अश्विनीच्या घरापाशी आले. पुढची ओसरीची भिंत तिनं काढली होती, तिथून सगळं घर दिसत होतं. पण मधल्या खोलीत बरोब्बर मध्ये एक भिंत उभी होती. बाकीचं घर मातकट रंगवलेलं, ही भिंत कोऱ्या पुठ्ठ्याची, रंग न दिलेली.

परीक्षकांनी खाली वाकून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. असं बघणं हे आमच्यातलं पहिलं काम, कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या माणसाला काय दिसतं ते तपासायचं. मग म्हणाले, "ही मधली भिंत घात करते. डावीकडच्यांना निम्मंच घर दिसणार, उजवीकडच्यांना उरलेलं निम्मं. पूर्ण घर कुणालाच दिसणार नाही. हिचं काम काय? काढून टाकता येईल ना?"

अशा प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं. हो सर, काढते, असं म्हणायचं, परीक्षक खूश होतात, गुण मिळतात. मी त्यांच्या मागं उभी होते. मी तिला मान हलवून खूण केली, हो म्हण म्हणून. तिनं माझी खूण बघितली.

"काढता येत न्हाई, सर," ती म्हणाली. "घरातली ही एकच भिंत मी घातलेली हाय."

परीक्षकांना ते उत्तर फार आवडलं. वर्गाकडं वळून ते म्हणाले, बघा, आपल्या निर्णयावर असं ठाम राहता आलं पाहिजे. शेऱ्यात त्यांनी स्वतंत्र विचार असं लिहिलं आणि त्या वर्षीचे सगळ्यांत जास्त गुण तिला दिले. कागद माझ्यापुढं सहीला आला तेव्हा मला नीट दिसत नव्हतं. अश्विनीनं दोन्ही हातांनी आपलं घर उचललं, मधली भिंत हलू नये म्हणून तिच्यावर अंगठा दाबून धरला, आणि ती पुढच्या पोराला जागा करून द्यायला बाजूला झाली.